पडदा टाकला की दोन खोल्या

आमच्या घरात 'वेगळं' हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. माझे धाकटे दीर आणि जाऊ भांडीकुंडी उचलून बाहेर पडले, त्या दिवशीच मी त्या शब्दाला उंबऱ्याबाहेर घालवलं. मीठ कमी खाणाऱ्याची भाजी शिजवायची असली, तरी माझी सून 'दुसऱ्या पातेल्यात करते' म्हणायची. हसायचं तर हसा. घर मी चालवलंय, हसणाऱ्यांनी नाही.

म्हणून त्या सकाळी सून जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःशीच पुटपुटली, "ती वेगळीच हवी," तेव्हा फोडणी तशीच टाकून मी बाहेर आले.

"काय वेगळं हवंय गं तुला?"

"डिस्क, आई. कॉम्प्युटरची डिस्क. तुमचा मुलगा नकोय मला वेगळा, राहू दे तो तुमच्याच पदराखाली."

जीभ अशी, की सुरीला धार लावून घ्यावी तिच्यावर. पण सून मीच निवडली होती, तेव्हा तक्रार करायची कोणाकडे?

आमचा धंदा फोटोंचा. ह्यांनी जन्मभर स्टुडिओ चालवला. पुढचा एकच मोठा हॉल, त्यात तिपाईवरचा कॅमेरा, आणि मागे लाकडी दांड्याला गुंडाळलेले रंगवलेले पडदे. दोरी ओढली की बाग. दुसरी ओढली की महालाचा जिना. तिसरी ओढली की समुद्र आणि त्यात एक होडी. खोली तीच, माणूस मात्र जाऊन यायचा कुठल्या कुठे. ह्यांचं एकच वाक्य गावभर प्रसिद्ध होतं, "हलू नका!" लहान पोरं ह्यांना हलूनका मास्तरच म्हणायची.

बागेच्या पडद्यामागे आमचा संसार होता. तिथेही एक साधा पडदा टाकून दोन भाग केलेले. अलीकडे आम्ही, पलीकडे दीर आणि जाऊ. माझा मुलगा त्या पडद्याखालून रांगत काकूकडे जायचा आणि खाऊ खाऊन परत यायचा. पडदा टाकला की दोन खोल्या होतात, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं. ते पुढे नडलं.

ह्यांच्या जुन्या फिल्मा चिकटायला लागल्या. कपाट उघडलं की आंबट वास सुटायचा. मुलाने एकेक करून सगळ्या मशीनवर स्कॅन केल्या आणि सडलेल्या फेकून दिल्या. चेहरे वाचले. पण मशीन काय, प्रत्येक फोटोला नुसता आकडा देतं. कोण, कुठला, कोणाची कोण, काही नाही. अख्खं गाव कॉम्प्युटरमध्ये बेवारस पडल्यासारखं झालं.

तेव्हा सुनेने यादी बांधायला घेतली. ती त्याला डेटाबेस म्हणते, मी यादी म्हणते, दोघींना कळतं. आकडा दिला की माणूस सांगणारी आणि माणूस सांगितला की आकडा देणारी यादी. आणि तिला हवी होती ती वेगळी डिस्क.

"मला समजेल असं सांग," मी म्हटलं. "शाळेत फार गेले नाही म्हणून मी काही दगड नाही."

तिने माझाच डाळीचा डबा उचलला. "हा डबा म्हणजे यादी. यात रोज काहीतरी पडतं, काहीतरी निघतं. समजा, डबा हातातून सुटला आणि सांडला. मग काय?"

"मग काय, तुझ्या नावाने ओरडणार."

"ते झालं की? माझ्याकडे जुना डबा आहे. मागे कधीतरी भरून माझ्या माहेरी नेऊन ठेवलेला. तो आणायचा. पण त्यानंतर काय काय घातलं, काय काढलं, ते त्यात नाही. म्हणून दर वेळी हात घातला की आधी नोंद करायची, आज मूठभर घातली, आज चिमूटभर काढली. ती नोंद म्हणजे लॉग. जुना डबा घ्यायचा, नोंदी पहिल्यापासून ओळीने करत यायच्या. डबा पुन्हा होता तसा."

"हुशार आहेस."

"पण डबा आणि नोंदी एकाच फळीवर ठेवल्या, आणि फळीच कोसळली तर?"

"तर दोन्ही गेलं."

"म्हणून नोंदी वेगळ्या..."

"दुसऱ्या फळीवर," मी म्हटलं. "दुसऱ्या म्हण. तो शब्द नको."

ती हसली. "बरं बाई, दुसऱ्या फळीवर."

तेवढ्यात मुलगा दुकानातून आला. माझ्याकडे डोळे मिचकावत तिने त्याला सांगितलं, "अहो, यादीच्या नोंदी दुसरीकडे टाकायच्या हं. नवी डिस्क आणलीत ना? आईंसमोर सांगतेय, विसरू नका."

"टाकतो," तो म्हणाला. आणि त्याने टाकल्या. दुसरीकडेच टाकल्या. खोटं तो बोलला नाही.

मग ह्यांचं काम सुरू झालं. खिडकीजवळच्या खुर्चीत हे, पायावर शाल, समोर कॉम्प्युटरचा पडदा. सून कीबोर्ड घेऊन शेजारी. फोटो यायचा आणि हे सांगायचे.

"ही टपालवाल्याची मधली. हिने श्वास कोंडून धरला होता. फोटो झाला तरी सोडेना, शेवटी पाठीत धपाटा घातला आईने."

"हा सुताराचा जावई. कोट माझा आहे. त्याच्या अंगात नाहीये, मागून टाचण्या लावल्यात."

"ही दोघं भाऊ नाहीत. भाऊ आहेत असं सांगून सवलत घेतली मेल्यांनी."

सगळं सून टाइप करायची. कोट, टाचण्या, धपाटासुद्धा. मी भाजी निवडत ऐकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढा बोलतो हे मला तेव्हा कळलं. घरात तर 'मीठ कमी आहे' याच्या पुढे कधी गेला नव्हता.

त्याच दिवसांत चौकशीबाई पहिल्यांदा आली. बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसते, म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणतात. कुठली गाडी कुठे लागेल, ते जगाला सांगते. हिची आई हिला कळायच्या आत गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या बाईच्या शब्दाखातर पहिलीचं होतं नव्हतं ते सगळं जाळलं. मोठ्या मावशीने मरायच्या आधी एवढंच सांगितलं, की लग्नाच्या आधी तुझ्या आईचा एक फोटो हलूनका मास्तरांकडे काढला होता.

"काका, मला आईचा चेहराच माहीत नाही," ती म्हणाली. रडली नाही. गाडी उशिरा येणार आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

हे म्हणाले, "आहे. बागेच्या पडद्यापुढची. मी विसरत नसतो. ढीग सापडू दे."

आणि ढीग सापडला. एका दुपारी हे लहान मुलासारखी टाळी वाजवून म्हणाले, "आली! लिही, चौकशीबाईची आई. हलू नका म्हटलं तरी हलली होती, डावा हात बघ कसा पुसट आलाय." मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत पुढचा फोटो आला होता. ह्यांनी लगेच निरोप धाडला. छपाई मी स्वतः करणार, म्हणाले, कोणी हात लावायचा नाही. तिचा उलट निरोप आला की रजा मिळाली की येते.

रजा मिळायला वेळ लागला.

मधल्या काळात ह्यांना झटका आला. सकाळी दाढी करताना वस्तरा खाली पडल्याचा आवाज आला, आणि मी गेले तर अर्ध्या गालाला साबण तसाच. जगले. उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळे नाही. दोन उरले. दवाखान्यात शुद्धीवर आले, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "हलू नका."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग नर्स आली, तिलाही तेच. पाणी हवं तरी तेच, दुखलं तरी तेच. मान हलवायचे, पण हो आणि नाही, दोन्हीला सारखीच.

डॉक्टर म्हणाले, "शब्द आत असतील. बाहेर यायची वाट मोडली आहे. रोजचं घोकलेलं एखादं वाक्य तेवढं राहतं."

"माणसं ओळखतात का पण?" मी विचारलं.

"डोळे बघा की त्यांचे. ओळखतात."

ते जास्त वाईट होतं. विसरले असते, तर निदान ह्यांना त्रास नसता.

घरी आल्यावर सुनेने माझा हात धरला. "आई, एक बरं झालं बघा. बाबांनी सगळं सांगून ठेवलंय. आपल्याकडे यादी आहे." त्या आठवड्यांत मला दुसरा आधार नव्हता. रोज दुपारी ती यादी उघडायची आणि ह्यांना ह्यांचीच वाक्यं वाचून दाखवायची. टाचण्या, धपाटा, सवलत घेणारे खोटे भाऊ. हे ऐकत बसायचे. गालावरचा एक स्नायू हलायचा. मी ठरवलं, हे हसणंच आहे.

आणि मग डिस्क वाजायला लागली. टक. टक. पाल चुकचुकावी तशी. दुपारपर्यंत ती टकटकही थांबली.

सून जराही घाबरली नाही. तिचं मला कौतुक वाटलं, सांगते. "अशासाठीच तर सगळा आराखडा केला होता," म्हणाली. "फोटो दोन-दोन ठिकाणी आहेत, त्यांना काही झालेलं नाही. गेली ती फक्त यादी. जुनी प्रत माझ्या माहेरून आणते. ती बाबा सांगायला बसले त्याच्या आधीची आहे, जवळजवळ रिकामीच. पण नोंदी सगळ्या आहेत ना! 'दुसरी'वर. ओळीने चालवल्या की संध्याकाळी यादी उभी."

गेली, आली. जुनी प्रत चढवली. मग नोंदी शोधायला लागली. तिच्या स्क्रीनवर आजवर दोन नावं दिसायची, एक 'पहिली', एक 'दुसरी'. आता दोन्ही दिसेनात.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली. आवाजात काही नव्हतं. "ही 'दुसरी' कुठल्या डिस्कवर आहे?"

मुलगा चष्मा पुसायला लागला. लहानपणापासूनची खोड, काही फुटलं की नाक पुसायचा, आता चष्मा पुसतो.

"त्याच."

"त्याच म्हणजे?"

"एकाच डिस्कचे दोन भाग केले होते. नवी डिस्क फोटोंना लागली. फोटो मावत नव्हते गं. एकेक फोटो हत्तीएवढा. नावांना वजन ते किती? सगळी मिळून एका फोटोएवढीही भरत नाहीत. म्हटलं, नावांना एक कोपरा पुरे. मध्ये भिंत घातली होती..."

"भिंत नाही," सून म्हणाली. "पडदा."

मग तीच म्हणाली, "मी 'दुसरीकडे' म्हणाले होते. 'वेगळ्या डिस्कवर' म्हणायला हवं होतं. आणि एकदा उघडून बघायला हवं होतं, नोंदी खरंच परत येतात का. तेही केलं नाही. स्क्रीनवर दोन नावं दिसली, मी खूश."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "मी शब्द बंद केला होता, अक्कल नाही."

डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवली. त्याने ती उघडून पाहिली आणि फोनवर सांगितलं, की आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, रुळांवरून गाडी घसरत गेल्यासारखे. तिथे वाचण्याजोगं काही उरलेलं नाही. माणूस बरा असावा, कारण पुढे म्हणाला, "नावं ज्यांनी सांगितली होती, त्यांनाच पुन्हा विचारा ना."

सुनेने फोन ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. हे म्हणाले, "हलू नका."

चौकशीबाई आली ती नेमकी त्यानंतर. रजा घेऊन, इस्त्रीची साडी नेसून, हातात फोटोची चौकट. रिकामी चौकट घेऊन आली होती बिचारी, मापाचं आधीच विचारून ठेवलेलं.

सुनेने सगळं सांगितलं, काही न लपवता. बाई ऐकत होती. पुढ्यातली चौकट तिने टेबलावर पालथी घातली.

"म्हणजे फोटो इथेच आहे."

"आहे."

"पण कुठला, ते माहीत नाही."

"नाही. मी नाव टाइप केलं, पण मी कीबोर्डकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही. बागेच्या पडद्यापुढची आहे, एवढं आठवतं. आणि डावा हात पुसट."

"मग बघू या की."

सुनेने सगळ्या मुली समोर आणल्या. बागेच्या पडद्यापुढच्या, एकट्या, लग्नाआधीच्या. देवा, किती त्या! आणि हलल्याही किती! कोणाचा हात पुसट, कोणाची वेणी, कोणाचा अर्धा चेहरा. 'हलू नका' म्हटल्यावर हलायचं नाही, हे त्या काळी एकीलाही जमलं नव्हतं की काय कोण जाणे. त्याच कारंज्याशेजारी, त्याच गुलाबाच्या फांदीवर हात ठेवून प्रत्येक मुलगी उभी. चौकशीबाई एकेक चेहरा बघायची आणि मग ह्यांच्याकडे.

"काका, ही?"

"हलू नका." मान हलली.

"ही?"

"हलू नका." मान तशीच.

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होते. मधेच कुठेतरी जोरात आपटली, की बाई थांबायची. मागे यायची, पुन्हा विचारायची, तर दुसऱ्या फोटोलाही तेवढीच जोरात. आत होतं सगळं. डोळ्यांत दिसत होतं मला. नुसतं दारापर्यंत येऊन परत जात होतं.

अशी दुपार सरली. मग ती एका फोटोशी थांबली ती थांबलीच.

पुढे वाकली. स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग फोटोतल्या हनुवटीवर. "काकू," मला म्हणाली, "ही बघा. अशीच खळी आहे ना? हात पण पुसट आहे. डावाच."

ह्यांची मूठ आपटली. "हलू नका."

"हो म्हणतायत," ती म्हणाली. आतापर्यंत कोरडी राहिलेली बाई, तिचा आवाज फाटला. "हीच आहे. आई."

मी पुढे होऊन पाहिलं.

ती माझी जाऊ होती.

लग्नाच्या आधीची, अंगाने अर्धी, पण तीच. ती हनुवटी मी ओळखणार नाही? पडद्याच्या पलीकडून वर्षानुवर्षं ती मला वेडावून दाखवायची. भांडणात हीच हनुवटी पुढे करून यायची आणि हसतानाही हीच पुढे करायची. घर सोडून गेली त्यानंतर तिचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. परगावी वारली, तेव्हाही 'गेली का' एवढंच म्हटलं होतं.

मुलानेही ओळखलं. रांगत जायचा ना तिच्याकडे. त्याने मला दाराशी ओढलं आणि कुजबुजला, "आई, गप्प बस. होऊ दे. तिला तरी कुठे माहीत आहे? काकूला मूलबाळ नव्हतं. कोणी विचारायला येणार नाही. एक चेहरा मिळतोय तिला, समाधानाने जाऊ दे."

खरं सांगते, मी थांबले. तिने चौकट उलटी करून सरळ केली होती आणि पदराने काच पुसत होती. एवढीशी गोष्ट. मी गप्प राहिले असते, तर संध्याकाळी त्या घरात एक आई लागली असती भिंतीवर.

आणि माझी जाऊ कुठे लागली असती? दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या नात्याने. आणि हिची खरी आई इथेच, या गर्दीत, कायमची कोणाचीच नाही. कारण सापडली म्हटल्यावर शोधायला पुन्हा कोण येतं?

"नाही," मी म्हटलं. "ती तुझी आई नाही. ती माझी जाऊ आहे."

बाईने काच पुसायची थांबवली नाही. "पण काका हो म्हणाले."

"काका सगळ्यालाच हो म्हणतात. मी नाही म्हणतेय."

"तुम्हाला नक्की..."

"तिच्याइतकं मी कोणाशी भांडले नाही, बाई. चेहरा चुकायचा नाही माझा."

मग तिने पदर सोडला. चौकट पिशवीत घातली. चेन लागत नव्हती, चौकटीचा कोपरा अडत होता, ती ओढत राहिली. सून मदतीला गेली तर तिने हात बाजूला केला. जाताना ह्यांच्यापुढे वाकून म्हणाली, "काका, तुम्ही सापडवली होती. ते कळलं मला." ह्यांनी तिचं मनगट डाव्या हाताने धरलं. काहीतरी येत होतं. ओठ वेगळे झाले, मान ताणली, सगळं अंग त्या एका शब्दामागे लागलं.

"हलू नका," हे म्हणाले. "हलू नका. हलू नका."

मनगट मलाच सोडवावं लागलं.

"पुन्हा ये," मी दारात म्हटलं. "सुटीच्या दिवशी ये, बघत बसू. ज्या मला माहीत आहेत त्या मी बाजूला काढते. गर्दी तेवढी कमी होईल."

"बघते," ती म्हणाली. खिडकीत बसून लोकांना सांगत असेल तसंच, गाडीचा भरवसा नसला की.

ती अजून आलेली नाही.

त्या संध्याकाळी मुलगा बाजारातून नवी डिस्क घेऊन आला. सुनेने ती स्वतःच्या हाताने लावली, त्याला शिवू दिली नाही. रिकामी यादी उघडली. माझ्या जावेचा फोटो अजून समोरच होता, गुलाबाच्या फांदीवर पुसट हात.

"काय लिहू, आई?"

"लिही, माझी जाऊ."

"नाव?"

मी नाव सांगितलं. तोंडात गंजलेल्या कडीसारखं अडलं, पण निघालं.

"अजून काही? बाबा सांगायचे तसं?"

"भांडखोर," मी म्हटलं. "हात चांगला होता स्वयंपाकाला. माझ्या मुलाला चोरून खाऊ द्यायची." मग विचारलं, "दोन्हीकडे गेलं का?"

"गेलं."

"कुठे कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन वेगळ्या डिस्कवर."

"दाखव," मी म्हटलं.

तिने एका डिस्कची तार काढून हातात धरली, मग दुसरीची. मी दोन्ही डिस्कवर हात ठेवून पाहिला. दोन्ही गरम होत्या. मागे खिडकीजवळ हे जागेच होते, स्क्रीनवरच्या बागेकडे बघत. तिथे नावाची एकच होती. बाकीच्या सगळ्या तशाच, कारंज्यापाशी उभ्या.